बडा बाजारात पंखा चालत नाही

(झाशीत, सीपरी बाजारातलं चारुताचं घर. दुपार. आतल्या खोलीत तिची दहा महिन्यांची जाई झोपली आहे, म्हणून चारुता, पुण्याहून आलेला तिचा थोरला भाऊ सलील आणि त्यांची आई, तिघंही दबक्या आवाजात बोलत आहेत. सतरंजीवर एक अर्धवट जोडलेली, हातभर लांबीची पिवळी पाणबुडी.)

सलील : मी एवढंच म्हणतोय, पंखा लाव. मागे दोन पितळी पंखे, मधे सुकाणू. झालं. खऱ्या पाणबुड्यासुद्धा पंख्यावरच चालतात.

चारुता : हळू बोल, दादा. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा.

सलील : हळूच बोलतोय. आणि पंख्याने उलटं जाता येतं. तुझ्या त्या पाणी मागे फेकणाऱ्या जेटला रिव्हर्स आहे का?

चारुता : नाही. वळून परत यायचं. डावा-उजवा असे दोन पंप आहेत, एक बंद केला की गपकन वळते. सुकाणूची भानगडच नाही. व्हिडिओ बघितलास ना तू?

सलील : बघितला. मस्त आहे. पण बॅटरी केवढी खातो तो प्रकार. ॲक्चुअली, एफिशियन्सी म्हणून बघायचं झालं तर...

आई : मटार सोलता सोलता बोला. हातांना काम असलं म्हणजे आवाज चढत नाही.

चारुता : तूच सांग ना गं ह्याला. पंखा का नाही लावायचा ते ह्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. ह्यानेच तर ठरवलं होतं.

आई : कधी?

चारुता : टँकरच्या रांगेत. हंडे लावून तासन्‌तास बसायचो आम्ही, आठवतं? तेव्हा म्हणायचो, एक दिवस पाणी येईल तर असं येईल की किल्ल्याच्या बुरुजाला लागेल. सगळी झाशी खाली. आणि आपली पाणबुडी बडा बाजारातून निघेल, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत.

सलील : हलवायाच्या कढईत मासे झोपलेले.

चारुता : हां, ते तुझं. आणि तूच म्हणालास, बडा बाजारात पंखा चालत नाही. विजेच्या तारा लोंबतात, त्यात पतंगांचा मांजा. एका फेरीत सगळं पंख्याला गुंडाळून बसेल. म्हणून पुढून पाणी ओढायचं आणि मागे फेकायचं. पोराटोरांचं बोलणं असलं, तरी बात सही थी ना?

सलील : चारू, आमच्या मॉडेल क्लबच्या पोहण्याच्या तलावात तारा नाहीत. जानेवारीत विज्ञानकथांच्या मॉडेल-प्रदर्शनाला पुण्याला आणशील तेव्हा निळ्या फरशीचा स्वच्छ तलाव असेल. काठावर माणसं बसलेली. त्यांना काहीतरी फिरताना दिसायला हवं.

चारुता : विज्ञानकथेतली पाणबुडी आहे यार. ती कशावर चालते तेच कळायला नको. पंखा दिसला की संपलं, मग ती मोटरबोट.

आई : हट्टी आहे ती, सलील. पाळण्याची दोरी एका हातात आणि करवत दुसऱ्या हातात.

चारुता : मग काय करू? जाई झोपली की माझा दिवस सुरू होतो. दादा, ऐक तरी. गॅरेजवाल्याकडून गाडीच्या काचेवर पाणी मारायचे ते छोटे पंप आणले. त्यांच्या तोंडाला जाईच्या औषधाची पिचकारी कापून लावली. बारीक तोंड ठेवलं तर धार हौदाबाहेर गेली आणि पाणबुडी ढिम्म. जागची हलेना. मग तोंड मोठं केलं. धार दिसेना, आणि ही निघाली. एकटीच नाचले मी गच्चीवर.

आई : एकटी कसली, पोर काखेत होती. तीही भिजली.

सलील : मान्य आहे गं मला, डोकं आहे तुला. पण ते पंप खोल पाण्याचे नाहीत. सहा फुटांखाली गेले की मोटरच्या दांड्यापाशी पाणी घेतात. डावा आधी घेतो. मग ती बसते एकाच जागी गोल गोल फिरत.

चारुता : डावा आधी?

सलील : म्हणजे, कुठलातरी एक आधी.

चारुता : आपला हौद अडीच फुटांचा आहे.

सलील : हो, मग?

चारुता : माझे दोन्ही पंप आजपर्यंत कोरडे आहेत. सहा फूट पाणी मी बघितलेलंच नाही. तू कुठे बघितलंस?

सलील : वाचलं कुठेतरी. नेटवर लोक लिहितात.

चारुता : काच धुवायच्या पंपावर औषधाची पिचकारी लावून? कोण लिहितं असं?

सलील : तू शब्दात पकडू नकोस आता.

चारुता : मी काहीच पकडत नाहीये. मी विचारतेय.

आई : सांगून टाक, सलील.

चारुता : आई?

सलील : आई, तू थांब जरा.

आई : मी थांबलेच होते की. दिवाळीपासून थांबले.

चारुता : काय चाललंय?

सलील : मी एक बनवली. पुण्यात. क्लबमध्ये सगळे काही ना काही करत होते, मला म्हणाले तूही कर. तुझे व्हिडिओ माझ्याकडे होतेच. सुरुवातीला नुसतं करून बघायचं म्हणून केलं.

चारुता : जेटवर.

सलील : हो.

चारुता : पिवळी?

सलील : ...पिवळी.

चारुता : मी प्रत्येक वेळी तुला पाठवत होते. चुकलं तेही पाठवत होते. तू नुसता अंगठा पाठवायचास. मला वाटायचं, दादा बिझी आहे.

सलील : बिझी होतोच. सांगणार होतो. पण मग ती चालली, आणि सगळ्यांनी उचलूनच धरली. ही आयडिया कोणाची, विचारलं. तेवढ्या गर्दीत कुठे सांगत बसणार, झाशीला बहीण आहे, तिला छोटं बाळ आहे...

चारुता : एक शब्द होता रे. चारू.

आई : हळू. कुशीवर वळली बघ ती.

चारुता : आई, तुला माहीत होतं.

आई : फोनवर दाखवलं त्याने. म्हणाला, चारूला मीच सांगतो, नीट समजावून. मी गप्प राहिले. पोर अंगावर पिणारी. म्हटलं, उगाच जिवाला लावून घेशील.

चारुता : रोज दुपारी इथे बसून मटार सोललेस तू. मी पिचकाऱ्या कापत होते, तू बघत होतीस.

आई : बघत होते खरी. कशी रमायचीस तू. मोडवेना.

चारुता : आणि गोष्ट? बडा बाजार? तीही सांगितलीस त्यांना?

सलील : थोडी बदलून.

चारुता : काय बदललंस?

सलील : मुंबई केली. बुडालेली मुंबई. अगं, लोकांना पटकन कळतं. झाशी म्हटलं की विचारतात, तिथे पाणी कुठून येणार?

चारुता : तेच तर होतं ना, दादा. जिथे हंडाभर मिळत नाही, तिथे. मुंबई बुडवायला आपण कशाला लागतो?

सलील : चुकलं. मान्य आहे. म्हणूनच आलोय ना इतक्या लांब.

चारुता : पंखा लाव सांगायला.

सलील : तुझ्या भल्यासाठी. जानेवारीत तू जेटवाली घेऊन आलीस तर काय म्हणतील? बहिणीने भावाची उचलली. मला तुला त्या जागी बघवणार नाही.

चारुता : कुठल्या जागी? माझ्याच?

आई : चारू, भाऊ आहे तुझा. रागवू नकोस.

चारुता : रागावलेय कुठे? रागावले असते तर जाई उठली असती.

सलील : मी सांगेन सगळ्यांना. उभा राहून सांगेन, डिझाइन हिचं आहे म्हणून. आणि ते पाणी घेतं ना, त्याला सोपा उपाय आहे, मला सापडलाय. दांड्याभोवती...

चारुता : नको.

सलील : अगं दोन मिनिटांचं काम आहे.

चारुता : मला नको सांगूस. माझी बुडेल तेव्हा मी शोधीन. तू काय सांगायचंस तिथे ते तुझं तू बघ. मी येईन. जेटवरच येईन, आणि झाशीच बुडवीन. हसू देत ज्यांना हसायचंय ते.

आई : एवढं पाणी आणणार कुठून तू, तिला खोल उतरवायला? लष्कराच्या छावणीतल्या तलावावर कोण सोडणार आपल्याला?

चारुता : विचारीन. नाही म्हणाले तर परत विचारीन.

सलील : मी येतो बरोबर विचारायला. मला जमतं असं बोलायला.

चारुता : तुला खूप जमतं.

आई : बास आता. मटार झाले सगळे.

चारुता : दादा, एक सांग. खोल पाण्यात कशी गेली ती?

सलील : कशाला, चारू?

चारुता : अडीच फुटांपलीकडे मी नाही बघितलं तिला. सांग.

सलील : आवाज नाही. बुडबुडे नाहीत. तळाशी गेली आणि फरशीवरून सरकत राहिली. तिची सावली पुढे, ती मागे. पलीकडची भिंत आली, मला वाटलं आता आदळते.

चारुता : मग एक पंप बंद केलास.

सलील : केला. अशी वळली, जणू तिला गल्ली ठाऊक होती.

चारुता : वळली तेव्हा तू कोणाकडे बघितलंस?

सलील : म्हणजे?

चारुता : असं काही झालं की माणूस कोणाकडे तरी बघतोच. कोणाकडे बघितलंस?

सलील : शेजारी. सवयीने.

चारुता : कोण होतं?

सलील : कोणी नाही. खुर्ची होती. कोणाचा तरी ओला टॉवेल पडला होता तिच्यावर.