रिंकूची बदली

—अहो, त्या टोकाला नको, बाकाची ती बाजू खाली जाते. इकडे या, उन्हात. मघाशी तुम्ही पोरीला ओरडलात ना, "अगं, आधी लेस बांध!" — तेव्हाच म्हटलं, आपला माणूस! दिल्ली कॅन्टच्या या मैदानावर मराठीत ओरडणारा आतापर्यंत मी एकटाच. मी मल्हारी, सप्लाय डेपोत सुभेदार. आणि आपण? गुलाबराव! वा. तुम्ही पण सप्लायवाले? वा वा. मुलीला ट्रायलला आणलंय? ऋचा — छान. तेरा वर्षांची — छान. आणि खेळते कुठं — थांबा, सांगू नका, तुमच्या मांडीवरचे ग्लोव्हज दिसले मला. गोलकीपर. अरेरे.

अरेरे का? काळजीपोटी हो. या फुटबॉल क्लबात गोलकीपर टिकत नाही. मागच्या एकीला बॉल असा लागला, असा लागला, की बॉलसकट धौला कुआँपर्यंत गेली — परत बसनं आली. हसताय? बरं, ते सोडा. एका मॅचला गोलकीपर आलीच नाही, तर आमच्या कोचनं, ते सिद्धांत सर, ते बघा शिट्टी गळ्यात घालून फिरताहेत, त्यांनी चक्क माकड उभं केलं गोलमध्ये. हाफटाइमपर्यंत एक गोल होऊ दिला नाही त्यानं! मग रेफरीची शिट्टी हिसकावून झाडावर गेलं. उरलेली मॅच त्याच्याच शिट्टीवर झाली, आणि खरं सांगतो, ऑफसाइड रेफरीपेक्षा त्याला बरा कळायचा. शिवाय सर पोरींना रोज कारल्याचा रस पाजतात. तेव्हा माझं ऐका, ऋचाला बॅडमिंटनला घाला. शटल लागलं तरी काय होतंय?

जागा? जागा एकच आहे हो, यादीत अठरा नावं, सतरा भरली, आज पाच वाजता यादी बंद. राहिलीय ती गोलकीपरची. का राहिली? ते नोएडाच्या क्लबवाले! सेक्टरचा नंबर सांगत नाही, पण प्रॅक्टिसनंतर मोमो देतात तिथं. आमची एक डिफेंडर मोमोवर गेली. तिच्यामागे तिची मैत्रीण गेली, मैत्रिणीमागे तिची बहीण, आणि बहिणीमागे त्यांची व्हॅन — आता त्या व्हॅनमधून बाकीच्या चौघी यायच्या, एक राखीव गोलकीपर धरून, त्या कशानं येणार? त्यापण गेल्या. व्हॅनच्या मालकिणीला जिथं पार्किंग सोयीचं, तिथं अर्धी टीम! दुसऱ्या पोरी घेतल्या हो सरांनी, पण गोलकीपर मिळेना. पहिली गोलकीपर? ती... ती गेली. लेहला. वडिलांची बदली झाली.

ती गोलमध्ये उभी आहे ती? टोपीवाली? ती माझी पुतणी, पद्मजा. कालच साताऱ्याहून आली. बिचारीला इथलं काही माहीत नाही, हिंदीसुद्धा — आं? आत्ताच "अबे पास दे ना यार" म्हणाली? चुणचुणीत आहे हो, एका दिवसात शिकली. मला पप्पा म्हणाली? आमच्या साताऱ्याकडे काकांना... म्हणतात काही घरांत. बरं, असं बघू नका गुलाबराव. तुम्ही सुभेदाराकडे ऑडिटवाल्यासारखं बघताय.

ठीक आहे. ऐका, पण सरांना सांगू नका. ती माझी रिंकू. सख्खी. क्लबची पहिली गोलकीपर तीच — लेहला गेलेली. लेहला कुणी गेलंच नाही हो! झालं काय, गेल्या महिन्यात मॅच होती पानिपतला. आता आपल्या माणसानं पानिपतला मॅच ठेवावी का? हाफटाइमला सहा-शून्य. पानिपतात पानिपत! त्यात रिंकूच्या नाकावर बॉल बसला, नाक भोपळ्याएवढं — बरं, लिंबाएवढं. मी लाइनवर धावलो आणि ओरडलो, "सर, रिंकू की बदली करनी पडेगी!" आपण काय म्हणतो? बदली खेळाडू. एक बाहेर, दुसरी आत. आणि ते काय समजले? पोस्टिंग! कॅन्टातला बाप बदली म्हणाला की दुसरं काय समजणार? सरांचा चेहरा पडला. "कब तक जाना है?" मला वाटलं मैदानाबाहेर कधी जाणार विचारताहेत. म्हटलं, "अभी, तुरंत!" घ्या.

तिथंच दुरुस्त करायला हवं होतं, मान्य. पण बसमध्ये बघतो तर पोरी रडताहेत, आणि दोन दिवसांनी निरोपाचा सोहळा — हार, फोटो, केक. केकवर रिंकूचं नाव. अननसाचा होता. अशा वेळी मध्येच "माझी हिंदी चुकली" कसं म्हणायचं? रिंकूला वाटलं, क्लब तिला काढतोय म्हणून केक. सर विचारतात, "कहाँ हुई बदली?" आणि माझ्या तोंडून निघालं, लेह. पुणं म्हणता आलं असतं, पण लेह कसं भारदस्त वाटतं! मग काय, तंबू, बर्फ, पहाटे चहाचा दगड होतो तो हातोडीनं फोडून खातात — सगळं सांगितलं. सर टाळ्या वाजवत होते. रिंकू घरी येऊन उशीत तोंड खुपसून बसली ती तीन आठवडे. ग्लोव्हज घालून जेवायची हो. आणि आमची सुनयना, तिनं माझ्याशी बोलणंच टाकलंय, "भाजी घ्या" सुद्धा शेजारणीकडून कळवते. म्हणून आज ही पुतणी. आधारकार्ड नंतर देतो म्हटलंय. तेव्हा गुलाबराव, हात जोडतो, तुमच्या ऋचाला —

काय? स्ट्रायकर? मग हे ग्लोव्हज? तुमचे! स्कूटरचे! अहो, आधी सांगायचं ना! स्ट्रायकरला तर सर यादी भरली तरी घेतात. फार चांगला क्लब आहे हा. माकड-बिकड काही नाही. कारल्याचा रस गुणकारी असतो. आणि हो — तुम्ही आत्ता कुठून आलात बदलून? ...लेहहून. ...मग चहाचा दगड तुम्हाला... नाही होत? असं. थर्मासमध्ये राहतो. बरं.

बघा बघा, तुमची ऋचा पेनल्टी घेतेय, माझ्या रिं— पद्मजावर. श्वास रोखून धरा. रिंकू आता दोन्ही खांबांना थाप मारेल, टोपी उलटी करेल — अगं नको करूस टोपी उलटी, तोंड दिसतं! — आली किक — अडवला! दोन्ही मुठींनी! माफ करा हं, तुमची किक झकास होती, पण अडवला! आता सर काय ओरडताहेत? "शाबाश रिंकू!" आणि ही येडी वळून "थँक्यू सर" म्हणाली. संपलं. सर इकडंच येताहेत. तुम्ही बोला, मी बुटाची लेस बांधतो — जी सर. जी. लेह से? हाँ सर, जल्दी आ गये. ...आपको पता था? पहले दिन से? ...जी, केक मैंने ही ज़्यादा खाया. ...अठारह नंबर? लिख दिया? रिंकू ही लिखा ना, पद्मजा नहीं? सर, आप—

गेले. हसत गेले. गुलाबराव, लिहिलं हो नाव, पेनानं! आधी सुनयनाला... हा फोन कुणाचा आता? ऑफिस. एक मिनिट. जी साहब. मल्हारी बोल रहा हूँ. ...बदली? नहीं साहब, वो तो मैच वाली... अच्छा. पोस्टिंग वाली. ...अकेले, फैमिली यहीं रहेगी. जी. ...कहाँ? ...जी. किसकी जगह? ...जी, जानता हूँ साहब. बगल में ही बैठे हैं.

...

गुलाबराव, तुम्ही बाहेर. मी आत.

...

मोजे किती लागतात हो तिथं? तीन जोड? एकावर एक? ...राहू दे. आता काही बोलू नका.