वाघबारशीचं मतदान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाय. बायकोला नाय, पोरीला नाय, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं त्याला तर नायच. आमच्या विद्यार्थी संघटनेनं पालघरला कॉलेजच्या गेटाबाहेर मतदान घेतलं, त्यात मी निवडून आलो, ही गोष्ट मी इतकी वर्षं चहाच्या टपरीवर रंगवून सांगत आलो. त्या मतदानाला डोंगरातली, वसतिगृहातली पोरं येऊ शकणार नाहीत हे मला आधीच ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. झालं, बोललो एकदाचं. आता पाणी द्या जरा, मग सुरुवातीपासून सांगतो, कारण नुसतं एवढंच लिहिलंत तर मी एका ओळीत सुटेन, आणि मला तसं सुटायचं नाय.

मी केळव्याचा. नाव दत्ताराम, सगळे दत्ता म्हणतात, एकच माणूस दत्त्या म्हणतो, त्याचं पुढं येईलच. आमची पानवेलीची वाडी, वर सुपारी, मधी केळी, खाली ओलावा, भर उन्हातसुद्धा आत शिरलं की अंगाला गार लागायचं. आई पानं खुडायची, बाबा करंडीत लावायचे, ती करंडी गाडीनं कुठं कुठं परमुलखात जायची आणि आमी मात्र केळवं सोडून कुठं जात नव्हतो. मी घरातला पहिला कॉलेजात गेलो. सायकलवर शेजारच्या माहीम गावावरून पालघर, येताना समोरून वारा, पेडल मारता मारता जीव जायचा, पण काय सांगू तुमाला, त्या रस्त्यासारखं सुख नंतर कुठल्या कंपनीच्या बसमधी मिळालं नाय.

संघटनेची खोली स्टेशनाजवळ, सायकलच्या दुकानाच्या माळ्यावर. संघटना तशी देशभरची, तिचे पुढारी दिल्लीत भाषणं करायचे, पण आमच्यासाठी संघटना म्हणजे ती खोली, खालून येणारा पंक्चरच्या सोल्युशनचा वास आणि स्टोव्हवर शिजणारी मैद्याची खळ. पोस्टर लावायचं, भिंती रंगवायच्या, फीवाढीची पत्रकं घेऊन बोईसरच्या नाक्यावर उभं राहायचं. कारखान्यातून सुटलेले कामगार म्हणायचे, अरे भाई, पढ़ाई का झगड़ा हमको काहे दे रहे हो. तर किसन त्यांच्या डब्याच्या पिशवीत पत्रक खुपसायचा आणि म्हणायचा, चाचा, आपका लड़का पढ़ेगा ना, उसका है, आप खाली लेके जाओ. ते हसायचे आणि न्यायचे.

किसन म्हणजे दत्त्या म्हणणारा तो. मासवणच्या पुढं एका पाड्यावरचा, वारली, वसतिगृहात राहायचा, माझ्याच वर्गात. अंगानं काटकुळा, पण बोलायला लागला की मागच्या बाकावरची पोरंपण पेन खाली ठेवायची. तेव्हा कॉलेजातल्या निवडणुका बंद होत्या. मारामाऱ्या होतात म्हणून पोरांचं मत काढून घेतलेलं, ज्याला जास्ती मार्क तोच प्रतिनिधी. आमची मागणी होती की सगळ्यांना मत पाहिजे. मी हे सांगायला लागलो की कायदा, धोरण, लोकशाही असे शब्द यायचे आणि पोरं घड्याळ बघायची. किसन एवढंच म्हणायचा, वर्गात पहिला येणारा एकच असतो, पण मेसमधली अळीवाली डाळ सगळेच खातात, मग डाळीबद्दल कोण बोलणार? खलास. त्याच्यापुढं आमचं पत्रक कोण वाचतो.

मला हेवा वाटायचा का? वाटायचा. तो मित्र होता म्हणून जास्ती वाटायचा.

त्या मतदानाच्या आदल्या वर्षी किसन मला वाघबारशीला घरी घेऊन गेला. तुमाला ठाऊक असेल, दिवाळीच्या तोंडावर असते. एस.टी.नं मासवणपर्यंत, पुढं सूर्या नदीच्या कडेनं चालत. रानाच्या कडेला लाकडात कोरलेला वाघदेव, त्याला शेंदूर, पुढं सगळा पाडा जमलेला. पोरांतला एक वाघ झाला होता आणि बाकीची त्याच्या मागं ओरडत पळत होती. मला बघून तो वाघ थांबला आणि म्हणाला, ह्या पांढऱ्या शर्टाला खाऊ का? किसन म्हणाला, नको, केळव्याचा हाय, खारट लागेल. मग काकडी किसून नव्या तांदळाच्या पिठात कालवलेली, पानात उकडलेली, ती खाल्ली, उकडलेले करांदे, म्हणजे रानातले कंद, खाल्ले, कडू लागले तरी खाल्ले. किसनचे बाबा शेजारी बसले होते. मी विचारलं, बाबा, शिकणारी पोरंपण सगळी आली वाटतं? ते म्हणाले, आज कुणी बाहेर राहत नाय. वाघाला दाखवायचं असतं, बघ बाबा, आमी एवढे हाव, सगळे तुझेच, आमच्यातला कुणी नेऊ नको. जो आला नाय त्याची जबाबदारी वाघावर नाय.

हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं. म्हणून सांगतो, मला ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी संघटनेनं ठरवलं, कॉलेज मत देत नाय ना, मग आपण गेटाबाहेर मतदान घेऊन दाखवू, शांतपणे, एक काच न फुटता. निवडून येईल तो पालघरचा प्रतिनिधी म्हणून दिल्लीच्या अधिवेशनाला जाणार. उमेदवार दोघं, किसन आणि मी. मतदान दिवाळीच्या सुट्टीनंतर असं सगळीकडे बोललं गेलं होतं. पण मुंबईहून राष्ट्रीय समितीवरचे एक भाई आले, म्हणाले, अधिवेशन अलीकडे आलंय, सुट्टीच्या आधीच उरकून टाका. कॅलेंडर बघून त्यांनी दिवस काढला, कॉलेजचा शेवटचा दिवस. वाघबारस. भिंतीवरच्या त्या कॅलेंडरात वसुबारस छापलेलं, वाघ कुठं छापलेला नव्हता. बैठकीला आमी सगळे किनाऱ्याकडचे आणि पालघर गावातले. किसन पोस्टर घेऊन मनोरकडं गेला होता, तिकडूनच घरी जाणार होता. भाई म्हणाले, कुणाची हरकत?

मी बोटांवरची वाळलेली खळ नखानं खरवडत होतो. अजून आठवतं, अंगठ्यापासून सुरुवात केली आणि करंगळीपर्यंत आलो तेव्हा विषय पुढं गेला होता. भाई मला म्हणाले, किसनला तू कळव. मी म्हटलं, कळवतो.

दुसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडवर वसतिगृहातली पोरं वाघबारशीला घरी जायला पेट्या, वळकट्या घेऊन गाडीची वाट बघत होती. एकानं हाक मारली, दत्ता, सुट्टीनंतर मडकं फोडू तुझं. सगळी हसली. मी सायकलवर होतो. हात हलवला आणि निघून आलो. त्यांच्याच गाडीत चढलो असतो तर तासाभरात मासवणला पोचलो असतो.

मडकं म्हणाला ते मतदानाचं. आमी दोन मडकी ठेवली होती, एकावर सायकल रंगवलेली ती माझी, एकावर ताडाचं झाड ते किसनचं. प्रत्येकाला एक चिंचोका द्यायचा, पडद्याआड जाऊन पाहिजे त्या मडक्यात टाकायचा. चिंचोके आमच्या घरचे, आईनं धुवून, उन्हात घालून दिलेले, दोन्ही मडक्यांत पडणार म्हणून मुद्दाम सारख्या आकाराचे निवडले होते तिनं. किती शांत झालं ते मतदान. पोरी रांगेत, शिपाईमामा गेटातून बघतायत, एक प्राध्यापक चष्मा काढून पुसतायत. किसन कुठं हाय, कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, येईल. फोडायला उचललं तेव्हा माझं मडकं जड होतं. खरं सांगू, तेवढा वेळ मला खरंच आनंद झाला. पोरांनी खांद्यावर घेतलं.

सुट्टी संपली आणि किसन आला, माझ्यासाठी घरच्या काकड्या घेऊन. टपरीवर त्याला कळलं. मी तिथंच होतो. त्यानं पिशवी बाकावर ठेवली आणि विचारलं, दत्त्या, वाघबारस होती, तुला म्हाईत नव्हतं? मी म्हटलं, नाय रे, डोक्यातच आलं नाय, आणि निरोप द्यायला निघालो तर गाडी चुकली. तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, बरं. काकड्या घे, नायतर कडू पडतील.

त्यानं विश्वास ठेवला हो. ओरडला असता, मडकं डोक्यात घातलं असतं तर मी आज तुमच्यासमोर बसलो नसतो. वसतिगृहातली पोरं चिडली, म्हणाली, तुमच्या मताच्या संघटनेत आमचं मत कुठं? आणि हा दत्ता आपल्या वाघबारशीला जेवून गेला, त्याला दिवस म्हाईत नाय? तेव्हा किसन त्यांच्याशी भांडला. म्हणाला, तो पाहुणा म्हणून आला होता, समुद्राकडच्या माणसाला काय कळतंय, आमच्या पाहुण्याला असं बोलायचं नाय. हे मला त्यातल्याच एकानं नंतर तोंडावर ऐकवलं. ती पोरं पुन्हा माळ्यावर चढली नाहीत. किसन येत राहिला, एकटा, आणि त्यापायी त्याच्याच माणसांची बोलणी खात राहिला.

मी दिल्लीला गेलो. थंडी, तंबू, तमिळ पोरं, बंगाली पोरी, कुणाची भाषा कुणाला कळत नाय आणि तरी सगळे एकाच ताटात जेवतायत. आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते, हे मी नाकारू शकत नाय, तोच तर त्रास हाय. भाषणाला उभा राहिलो आणि पाठ केलेलं सगळं गेलं. मग तोडक्या हिंदीत बोललो, क्लास में पहला एक ही आता है, लेकिन मेस की दाल सब खाते हैं. अख्खा तंबू टाळ्या वाजवायला लागला. डाळ किसनची होती.

नंतर सगळ्यांचं होतं तसं झालं. बोईसरला केमिकल कंपनीत लागलो, आता शिफ्ट सांभाळतो. किसननं एक वर्ष राहिलं असताना कॉलेज सोडलं, बाबा आजारी होते म्हणून, माझ्यामुळं नाय, तो तसंच सांगतो. भातशेती करतो आणि भात झोडून झाला की आमच्याच बाजूच्या कंपनीत ठेकेदाराकडं कामाला येतो. गेटाबाहेर भेटला की चहा होतो. दर वर्षी जाताना म्हणतो, दत्त्या, वाघबारशीला येतोस ना औंदा? मी म्हणतो, शिफ्ट हाय रे. तो म्हणतो, तुझ्या कंपनीपेक्षा आमचा वाघ बरा, वर्षातनं एकदाच हजेरी मागतो. आणि हसतो. एकदाही गेलो नाय मी.

हे सगळं असंच गेलं असतं. पण माझी पोरगी सायली, ती आता त्याच कॉलेजात, संघटनेत. ह्यांची मोहीम चालू हाय, नवीन शैक्षणिक धोरणावर सभा, अठराच्या पोरांची मतदार नोंदणी, आणि कॉलेजातली निवडणूक द्या ही मागणी अजून तीच. परवा मी कोळंबी सोलत बसलो होतो, ती फोनवर कॅलेंडर बघत आली. म्हणाली, बाबा, तुमच्यासारखंच चिंचोक्यांचं मतदान घेणार आमी, सुट्टीच्या आधी, शेवटच्या दिवशी. मी म्हटलं, त्या दिवशी नको. का? वाघबारस हाय, वसतिगृहातली पोरं नसतात. तिनं लगेच कुणाला तरी फोन लावला, दिवस बदला म्हणून सांगितलं. एवढंच लागतं हो, एक फोन. मग फोन ठेवून म्हणाली, बाबा, मग तुमच्या वेळी कसं केलंत? मी म्हटलं, कढईखालचा गॅस बारीक कर. ती मला बघत राहिली, किसननं बघितलं होतं तसंच.

म्हणून मी तुमच्याकडे आलो. तुमी जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी लिहून घेताय, सायलीच म्हणाली जा. तिला वाटतं मी टाळ्यांचं सांगेन. लिहा सगळं, डाळपण लिहा, किसनच्या नावानं लिहा. फक्त एक करा, दिवाळी होईपर्यंत हे कुणाला वाचायला देऊ नका. औंदा वाघबारशीची सुट्टी टाकलीय मी, शिफ्ट दुसऱ्याला दिली. पोरांचं त्यांचं मतदान चांगलं होऊ दे, सगळी असू देत रांगेत.

किसननं मला टपरीवर एक प्रश्न विचारला होता. त्याचं खरं उत्तर मी अजून त्याला दिलेलं नाय.