देव्हाऱ्यातली नक्कल

वकिलांच्या चुका मोजताय ना, मग आधी माझी ऐका रे. चिंचपोकळीच्या चाळीतल्या सावंतमावशी. त्यांच्या मुलाला मारामारीच्या केसमध्ये एक वर्षाची शिक्षा झाली. अपिलाला तीस दिवस होते, तोवर पोरगा जामिनावर. मी घाईत मावशींना म्हटलं, "निकालाची नक्कल मिळाली की नीट जपून ठेवा." पुढचं "आणि लगेच मला आणून द्या" हे बोललोच नाही.

दोन महिन्यांनी मावशींचा फोन आला. "वकीलसाहेब, पोलीस वॉरंट घेऊन आले होते. पोरगा कामावर होता म्हणून वाचला. अपील केलंत ना?"

"मावशी, नक्कल कुठाय?"

"देव्हाऱ्यात. रोज हळदकुंकू वाहते तिला."

उशीर माफ करा म्हणून सेशन्स कोर्टात अर्ज करायचा ठरला. मी म्हटलं, "तुम्ही आजारी होतात असं लिहू?"

"मला काय धाड भरलीय? देवासमोरच्या कागदासाठी खोटं लिहिणार?"

मग खरं तेच लिहिलं. जजसाहेबांनी नक्कल उघडली, तर बोटांना कुंकू लागलं.

"जपून ठेवायला कोणी सांगितलं होतं?"

मी हळूच हात वर केला.

साहेब हसले नाहीत, पण उशीर माफ झाला आणि शिक्षेलाही स्थगिती मिळाली. बाहेर येऊन ऑर्डर मावशींना द्यायला गेलो, तर त्यांनी हात मागे घेतले.

"नको. ही तुमच्या देव्हाऱ्यात ठेवा. आणि रोज उघडून वाचा."