वाळ्याची ताटी आणि जाळीचा पत्रा

तुम्ही गॅलरीला जाळीचा पत्रा लावताय म्हणून सांगते. माजरीला आमच्या तळमजल्याच्या गॅलरीला उन्हाळ्यात वाळ्याची ताटी असायची आणि सासरे रोज दुपारी बाहेरून तिच्यावर पाणी मारायचे. एका वर्षी ह्यांनी ताटी काढून वेलबुट्टीची भोकं पाडलेला पत्रा लावला. नणंदेला पाहायला ब्रह्मपुरीहून पाहुणे आले, त्यांना तिथेच सावलीला बसवलं. सासऱ्यांनी सवयीने भरली बादली मारली. पाणी थेट मुलाच्या आईच्या अंगावर!

"बाबा, ताटी नाई, पत्रा आहे तो!" हे ओरडले.

"मोडलं पोरीचं लग्न," सासूबाई पुटपुटल्या.

त्या बाईंनी शांतपणे पदर पिळला.

"एसटीत भाजून निघालो होतो, भाऊ. अजून एक बादली मारा, मंग पोरगी दाखवा."