भिंतीवरचा पासवर्ड

हॅलो?

हां, हॅलो… शाळाच आहे, बोला… हो, मी नंदाबाई. कॉम्प्युटरच्या बाई… तुम्ही कोण बोलून राह्यले?… कोण सर?… रामराव सर? आमचे हेडमास्तर? मंग आवाज असा काहून?… सर्दी? कालपर्यंत तर बराबर होता…

न्हाई न्हाई, रागावू नका. एकच विचारते. तुमच्या टेबलावर आत्ता काय पडलंय, सांगा बरं… अहो, सांगा तर!… चष्मा! बराबर. तुम्हीच सर. नमस्कार सर.

परीक्षा कशाची घेईन तुमची? म्हणजे… घेतलीच. पोरींना तसंच शिकवलंय ना. फोनवर कोणी म्हणलं मी सर आहे, तर आधी असं काही विचारायचं, जे सरांनाच माहीत. अन् आठवीच्या सगळ्या पोरी आत्ता तुमच्या ऑफिसच्या दारात उभ्या आहेत. छोटी सुट्टी झालीय. बाई काय करतात ते बघून राह्यल्यात.

हां, बोला… पोचले जालन्याला… शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर बसले… खुर्ची दिली? मंग बरंय की… काय? पाची?… आपले पाची कॉम्प्युटर? कुठं नेणार?… दुसऱ्या तालुक्याला! अहो, पण दीड वर्ष तर झालं येऊन! पोरींचा हात आत्ता कुठं बसून राह्यला… ए पोरींनो, गप! मला ऐकू येत न्हाई… तुम्हाला न्हाई सर, पोरींना म्हणलं.

काय म्हणले साहेब?… ज्या शाळेला मेल सांभाळता येत न्हाई, तिला कॉम्प्युटर कशाला… असं तोंडावर म्हणले?… मंग तुम्ही काय म्हणले?… हं… शाळेचा मेल इथंच उघडून दाखवतो, पोरींचं काम बघा… हे चांगलं केलं सर… अन् उघडत न्हाई.

न्हाईच उघडणार. तुम्ही 'रामराव अठ्ठेचाळीस' टाकला असंल… हो, तो बदललाय. सोमवारी… सांगितल्तं सर! तुम्ही झेंड्याची दोरी बघून राह्यलते, वर बघत हो हो म्हणले… आता नवा?…

थांबा सर. तुमचा आवाज घुमून काहून राह्यला?… स्पीकर? साहेबांच्या फोनला स्पीकर आहे होय… अन् खोलीत कोण कोण आहे?… साहेब… दोन कारकून… बदलीसाठी आलेले चार मास्तर… अन् चहावाला.

मंग न्हाई सांगता येणार सर.

अहो, ऐका ना… तुमच्यावर विश्वास न्हाई असं कधी म्हणलं मी?… पण चष्मा इथं आहे. म्हणजे टाइप कारकून करणार. अन् तुमची एक सवय आहे सर, राग मानू नका. फोनवर काही सांगितलं की तुम्ही एकेक अक्षर मोठ्यानं म्हणून घेता. मागं मी रजेसाठी फोन केला, तर पूर्ण गावाला कळलं की नंदाबाईच्या पोटात दुखून राह्यलं. दोघीजणी ओवा घेऊन आल्त्या घरी…

हळू म्हणाल? सर, तुम्ही हळू बोलता तेव्हा फाट्यावरची माणसं वळून बघतात.

काय? मी कॉम्प्युटर घालवून राह्यले?… मला काही वाटत न्हाई का त्यांचं? रोज सकाळी माझ्या पदरानं पुसते मी ते. तीन महिने जालन्याला येणं-जाणं करून मी शिकले. घरचे म्हणले, या वयात कुठं बोटं वळणार. वळली ना!… हां, मंग. ते गेले तर सगळ्यात जास्त मलाच लागंल. पण असं सांगून न्हाई वाचवायचे.

काय म्हणून राह्यले साहेब मागून? बुंदी?… हां! तेच ते! सर, साहेबांना ऐकू द्या, मी आता बुंदीचंच सांगते. कालच कळलं मला. सकाळी फाट्यावर पळत आले तुम्हाला सांगायला, तर तुमची मोटर निघून गेल्ती. नुसती धूळ खाऊन आले.

साहेबांना मे महिन्यात आपल्या शाळेच्या मेलवरून पत्र गेलं ना… 'जेवण बराबर होतं, पण बुंदी कमी पडली'… खाली शाळेचं नाव… हो, अन् साहेब एप्रिलमध्ये तपासणीला आल्ते, आपल्याकडं जेवल्ते. त्यांना वाटलं, हेडमास्तर टोमणा मारून राह्यले. साहेबांनी जास्त खाल्ली म्हणून… अगबाई, खरंच तसं वाटलं? अन् तीन महिने मनात ठेवलं?…

न्हाई साहेब, ते पत्र सरांचं न्हाई! राधाकिसनच्या पोरीचं लग्न होतं मे महिन्यात. जानवसा आपल्या शाळेत दिल्ता, दरवर्षी देतो तसा. शहागडचं वऱ्हाड दोन दिवस आठवीच्या वर्गात मुक्कामी. अन् आठवीच्या भिंतीवर काय होतं, ते सरांना विचारा… सर, सांगा ना साहेबांना.

बरं, मीच सांगते. आमच्या शाळेत सगळं भिंतीवर असतं. पटसंख्या भिंतीवर, देणगीदार भिंतीवर, पाण्याची टाकी कोणी दिली ते भिंतीवर. सरांचं म्हणणं, शाळा गावाची आहे, गावाला सगळं दिसलं पाहिजे. खरंय ते, मला पटतं. पण कॉम्प्युटर आले तेव्हा सरांनी पेंटर बोलावला अन् निळ्या ऑइल पेंटमध्ये लिहून घेतलं… शाळेचा ई-मेल. खाली पासवर्ड. त्याच्याखाली पेंटरनं आपल्या मनानं एक कमळ काढून दिलं.

हसून राह्यलं का कोणी तिथं?… चहावाला? हसू द्या.

मंग वऱ्हाडातल्या एका टग्यानं ते उतरून घेतलं. जालन्याला सायबर कॅफेत जाऊन शाळेचा मेल उघडला. आत एकच पत्ता होता, साहेबांचा. त्यालाच धाडून दिली बुंदीची तक्रार! त्याला वाटलं, शाळेकडून गेलं म्हणजे मुलीकडच्यांना पोचलं… हो, राधाकिसनचीच पोर काल माहेरी आली, तिनंच हसत हसत सांगितलं. तिचा चुलत दीर आहे तो.

पण सर, हसण्यासारखं इतकंच होतं. पुढचं तुम्हालाही पूर्ण सांगितलं न्हाई मी. आता ऐका.

त्या मेलमध्ये आपण आठवीची यादी ठेवल्ती. पोरींची नावं, जन्मतारखा, ज्यांच्या घरी फोन आहे त्यांचे नंबर. भिंत वाचून कोणीही बघावी अशी. मागच्या शनिवारी एकीच्या घरी फोन आला. नाव घेत न्हाई मी, स्पीकर आहे. पहिल्या बाकावरची, तुम्हाला कळलं. एक माणूस म्हणला, शाळेतून बोलतो, तुमच्या मुलीची स्पर्धेसाठी निवड झाली, फोटो घेऊन तिला एकटीला जालन्याला पाठवा. जन्मतारीखसुद्धा बराबर सांगितली त्यानं… हो ना सर. तिच्या आईनं तर नवा फ्रॉक काढून ठेवल्ता. शाळेतून म्हणल्यावर कोण शंका घेणार?

पोरगीनं रिसीव्हर घेतला अन् विचारलं, आमच्या शाळेची घंटा कोण देतं, सांगा. त्याला काय माहीत आपला रायभान? ठेवला फोन त्यानं… हां… तिनं घरी येऊन सांगितलं मला. रात्रभर एकच मनात… न विचारता गेली असती तर.

सोमवारी आल्या आल्या ती यादी काढून टाकली, तिच्याच हातानं पासवर्ड बदलला. तिच्या बापाला घेऊन मी पोलिसांकडंही जाऊन आले. अन् त्या दिवसापासून पूर्ण आठवडा दुसरं काही शिकवलं न्हाई. पासवर्ड कोणाला सांगायचा न्हाई. मैत्रिणीला न्हाई. ओळखीचं माणूस फोनवर मागून राह्यलं तरी न्हाई, घाई करून राह्यलं तर बिलकुल न्हाई. काही झालं तर लपवायचं न्हाई, येऊन सांगायचं, बाई रागावणार न्हाई…

भिंत? रायभाननं तीनदा चुना मारला सर. ऑइल पेंट आहे, दुसऱ्या दिवशी कमळासकट वर येतं. शेवटी जिल्ह्याचा नकाशा टांगला त्याच्यावर.

सर?… हॅलो?… सर, असं नका म्हणू. तुम्ही काय मुद्दाम केलं? तुम्हाला न्हाई कळलं, मलाही कुठं कळलं होतं. मी रोज त्या भिंतीखालीच शिकवत होते ना. मलाच उलट सोय वाटायची, विसरलं की मान वर करून बघायचं… अहो, डोळे पुसा. लोक आहेत तिथं… सर्दीच आहे म्हणता? बरं, सर्दी.

कोण?… साहेब?… नमस्कार साहेब. हो, मी नंदाबाई… हो, ऐकलं ना तुम्ही सगळं…

न्हाई साहेब. तुम्हालाही न्हाई सांगता येणार.

तुमचा हुकूम मोडायचा म्हणून न्हाई… मला भीती वाटून राह्यली साहेब, खोटं काहून बोलू. नोकरीचं माणूस आहे मी. पण इथं दारात एकोणतीस पोरी आहेत. माझ्या तोंडाकडं बघून राह्यल्यात. आज मी 'मोठे साहेब आहेत' म्हणून सांगून टाकलं, तर त्यांना काय कळंल? की समोरचा मोठा असला की सांगायचं. अन् उद्या ज्याला सांगायचं न्हाई तो फोनवर मोठाच होऊन येईल साहेब. लहान होऊन कशाला येतो तो…

कॉम्प्युटर न्यायचे तर न्या. पोरी शिकल्या ते तर इथंच राह्यलं.

हॅलो?… साहेब?… लाइन गेली का?… आहात. हसून राह्यले का तुम्ही?… न्हाई, मला वाटलं रागावले…

काय? खरंच?… हो! हो साहेब, इथून पाठवतो ना आम्ही! पोरींनीच केलेलं काम, त्यांनीच लिहिलेलं पत्र. पोचलं की कॉम्प्युटर इथंच?… लिहून देता? शिक्क्यासहित?… पोरींनो, ऐकलं का… थांबा गं, आरडू नका, आधी पाठवू तर द्या!

किती वाजले? पावणेचार… अन् तुम्ही चारला दौऱ्यावर… आमची लाइटही चारलाच जाते साहेब. बराबर चारला, एक मिनिट इकडं न्हाई की तिकडं न्हाई. पाठवतो, पण एक अडचण आहे. फोन ठेवावा लागंल. एकच लाइन आहे ना. याच वायरवर इंटरनेट लागतं. तुम्ही तिकडं ठेवल्याशिवाय ती सुटत न्हाई…

कोणाचं नाव? त्या पोरीचं?… कौतुक म्हणून विचारून राह्यले, कळलं मला… थांबा साहेब, तिलाच विचारते. ए, साहेब तुझं नाव विचारून राह्यले, सांगू का?… बरं… साहेब, ती म्हणती, तुम्ही शाळेत या, तुम्हाला बघून स्वतः सांगंल. अन् म्हणती, बुंदी भरपूर करू… हां! नक्की या!

ठेवते साहेब… हां सर, तुम्ही परत आले का लाइनवर… झालं सर, चांगलं झालं. आता ठेवा… हो, पत्रात 'माननीय' लिहायला लावते… हो, शुद्धलेखन बघते… तारीख वर उजव्या कोपऱ्यात, हो… सर, ठेवा… नवा पासवर्ड ना, तुम्ही आले की तुम्हाला सांगते. कानात. अन् पेंटरला बोलवायचं न्हाई, आधी कबूल करा… हां.

चष्मा कपाटात ठेवला… मोटर साडेपाचची आहे, उभ्यानं येऊ नका… अहो सर, आठ मिनिटं राह्यली! रायभाननं तिकडं बटन दाबलं पण! ठेवा ना… काय, अजून एकच?…

सर, चौदा वर्षांत तुमच्या आधी मी कधी फोन ठेवला न्हाई. आज ठेवून राह्यले. तुम्हीही ठेवा.

…सुटली लाइन. आता नाव घ्यायला हरकत न्हाई. चल, बस खुर्चीवर द्वारका. पासवर्ड तू टाक. बाकीच्यांनी भिंतीकडं तोंड करा गं… हो, मीसुद्धा.