चार नखांचा ड्रॅगन

नवऱ्याची राख मिळायची वाट बघत ओऊ लानझी चिनी मातीच्या भांड्यांच्या गावी, जिंगदेजेनच्या विद्युतदाहिनीबाहेर बसली होती. शेजारच्या बाकावर दोघे बहीणभाऊ होते. बहिणीच्या मांडीवर निळ्या ड्रॅगनची फुलदाणी होती.

“फुलदाणीत कुणी राख ठेवतं का, ताई?”

“मग काय विकतच्या डब्यात ठेवायची? जन्मभर बादशाही फुलदाण्यांच्या नकला रंगवल्या बाबांनी. घरात ही एकच उरली.”

“ही तरी कशी उरली? जरा खोट दिसली की स्वतःच हातोडा घालायचे.”

“बादशहाच्या भट्टीची रीत ना ती! नासका माल फोडून पुरायचा, कुणाच्या घरात जाता कामा नये. म्हणून आईने ही तांदळाच्या रांजणात लपवली. हे पाऊल बघ.”

“चारच नखं? बादशहाच्या ड्रॅगनला पाच लागतात.”

“त्या दिवशी तू तापाने फणफणला होतास. त्यांचं लक्ष कुठे होतं कामात!”

भावाने त्या पावलावरून बोट फिरवलं.

“तळाला काय लिहिलंय?”

“नेहमीचंच. चियेनलोंग बादशहाच्या कारकिर्दीत घडवली.”

“म्हणजे बाबा मेल्यावरही त्या बादशहाच्याच नावावर? त्यांचं नाव कुठेच नाही? आण इकडे.”

खिशातली किल्ली काढून भाऊ तळावरची अक्षरं करकर खरवडू लागला.

“निघत नाही गं.”

“कसं निघेल? काचेसारख्या झिलईच्या आत आहे ते. राहू दे रे, हाइशंग. अक्षर बाबांचंच आहे.”