न विचारता केलेली सही

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या उपविभागाचे अभियंता आदरणीय चंद्रशेखर साहेब. प्रमुख पाहुणे, कर्मचारी संघटनेचे गणेशभाऊ. विचारमंचावरील सर्व मान्यवर. चिखली आणि आसपासच्या खेड्यापाड्यांतून आलेले समस्त लाईनमन बंधू. आणि जेवण नेमकं कधी आहे असं एकमेकींना विचारत बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो, सर्वांना सविनय जय भीम आणि नमस्कार.

आपल्याकडे सत्कार सपत्नीक असतो. म्हणजे नवऱ्याला शाल, बायकोला साडी. बायकोनं साडी घ्यायची, हात जोडायचे आणि खाली बसायचं. साडी मी घेतली, रंगही छान आहे. पण खाली बसायच्या आधी गणेशभाऊंच्या कानात सांगितलं, की मलाही थोडं बोलायचं आहे. तेव्हापासून आमचे हे माझ्याकडे असे पाहून राहिले आहेत, जशी काही मी ओल्या हातानं स्विचबोर्डाला हात लावते आहे.

मी धम्मशीला भाऊराव हिवाळे, अंगणवाडी सेविका. दिवसभर लेकरांसमोर बोलण्याचीच नोकरी, त्यामुळे माईकची भीती नाही. भाषा मात्र मधूनमधून वऱ्हाडीकडे घसरेल, तेवढी सांभाळून घ्या.

भाऊरावांचं कौतुक आतापर्यंत भरपूर झालं. वादळात खांबावर चढले, रातोरात गावाला उजेड दिला, सगळं खरं आहे. आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूबलाईट वर्षभर लुकलुकत होती, हेही खरं आहे. पण मला आज वेगळंच सांगायचं आहे, आणि ते त्यांना न विचारता सांगते आहे.

बायांनो, काही वर्षांपूर्वी मी फार आजारी पडले होते. तुम्हाला सांगण्यात आलं, की अकोल्याला माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून आमच्या गल्लीत मला कुणी पाण्याची बादली उचलू देत नाही. लग्नाकार्यात मला आधी खुर्ची मिळते. तर आज जाहीर करते, माझा मणका ठणठणीत आहे. कधी बिघडलाच नव्हता.

बिघडलं होतं मन. आधी झोप गेली, मग भूक गेली, मग बोलणं. बडबडी बाई भिंतीकडे पाहत बसून राहू लागली. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, पण आमच्या घरात त्या गोष्टीला थारा नाही. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, औषधं झाली, तीही लागू पडेनात. मी पाणीसुद्धा गिळेना, नाकातून नळी घातली. मला यातलं काहीच आठवत नाही. जे सांगते आहे ते आमच्या मनालीकडून, माझ्या मुलीकडून ऐकलेलं आहे. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता उशीर करण्यात अर्थ नाही, विजेचा उपचार द्यावा लागेल.

आता विचार करा, हे कुणाला सांगितलं? लाईनमनला.

भाऊराव उभेच राहिले म्हणे. "डॉक्टरसाहेब, जनमभर लोकाईले सांगत आलो का करंटपासून दूर राहा. अन् तुम्ही मलेच म्हणता का बायकोच्या डोक्याले लावा?"

डॉक्टर भले माणूस. त्यांनी सगळं नीट समजावलं. आधी भूल देतात, स्नायू सैल करणारं औषध देतात. काही सेकंदांचा करंट, त्यानं मेंदूत अगदी थोडा वेळ फीट येते, आणि तीच फीट उपचाराचं काम करते. पेशंटला दुखत नाही. मात्र काही आठवणी जाऊ शकतात, हेही त्यांनी लपवलं नाही.

मग तुम्ही लाईनमन मंडळी मला भेटायला आलात. खरं काय ते तुम्हाला ठाऊक होतं, पण घरी बायकांना तुम्ही कधी सांगितलं नाही. रीतीप्रमाणे केळी आणलीत. आणि तुमच्यातल्या एका बहाद्दरानं डॉक्टरांना विचारलं, "साहेब, मशीनले अर्थिंग बराबर हाय ना?" दुसऱ्यानं सॉकेट उघडून पाहायची परवानगी मागितली. नाव घेत नाही, तिसऱ्या रांगेत बसून हसून राहिले आहेत. डॉक्टर म्हणाले, असे नातेवाईक मी आयुष्यात पाहिले नाहीत.

हसण्यावारी नेलं तरी सही कुणी करायची? मी भानावर नव्हते, तेव्हा ती जबाबदारी यांची होती. आणि हे सही करेनात.

तुमच्या कामातला एक नियम आहे. मला तो लग्न झाल्यापासून पाठ आहे. खांबावर माणूस चढलेला असेल, तर सब-स्टेशनवाल्यानं लाईन चालू करायची नाही. साहेबाचा फोन येवो, आमदाराचा येवो. वर चढलेला माणूस खाली उतरला पाहिजे आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं पाहिजे, की माझं काम झालं, आता सोडा. त्याचा आवाज ऐकल्याशिवाय बटण दाबायचं नाही. हा नियम पाळला म्हणूनच आज यांना धडधाकट हातापायांनी शाल घेता आली.

तोच नियम यांनी मला लावला. माझ्या उशाशी बसायचे आणि विचारायचे, "शीला, करू का सही? एक डाव हाव म्हन." मी काही बोलेना. उद्या बोलेल, परवा बोलेल, असं म्हणत डॉक्टरांना थांबवत राहिले. इकडे मी वाळत चाललेली.

शेवटी मनाली चिडली. लाईनमनचीच पोरगी ती. म्हणाली, "पप्पा, खांबावरचा मानूस बेसुद पडला, त मंग काय करता? त्याले इचारता का, तुले खाली उतरवू का म्हनून?"

 हे उठले आणि सही करून आले. मनाली सांगते, ती सही यांची वाटतच नव्हती.

उपचार सुरू झाले. एका दिवसात जादू झाली नाही. पण काही वेळा करंट देऊन झाल्यावर एका सकाळी मी सिस्टरला म्हणाले, "चहात साखर नाही." हे धावत डॉक्टरांकडे गेले. "साहेब, नावं ठेवून राह्यली, नावं ठेवून राह्यली," एवढंच बोलता येत होतं.

काही आठवणी गेल्या, ते खोटं कशाला बोलू? मनालीला नोकरी लागल्याची बातमी मला पुन्हा पुन्हा सांगावी लागली, आणि मी दर वेळी पेढे वाटायला लावले. गोळ्या आजही चालू आहेत. आजार परत येऊ शकतो, असं डॉक्टर सांगतात. पण मी अंगणवाडीत जाते, भांडते, जेवते.

या माणसाच्या मनातून मात्र ती सही गेली नाही. मी चष्मा कुठं ठेवला ते विसरले, की यांचा चेहरा उतरतो. एकदा बोलायला लागले, "शीला, तवा तुले इचारलं नव्हतं..." आणि वाक्य तसंच टाकून पाण्याची मोटार पाहायला बाहेर निघून गेले. मोटार चांगली चालू होती. मणक्याची गोष्टही मला जपायला म्हणून रचली, पण आत कुठंतरी स्वतःलाच लपवत होते. हे मला सलत आलं आहे.

म्हणून आज अध्यक्षांच्या परवानगीनं यांच्याशीच बोलते. अहो, वर पाहा. तेव्हा मला बोलता आलं असतं ना, तर मी नाहीच म्हटलं असतं. मला तेव्हा जगायचंच नव्हतं. ज्या बाईचा होकार तुम्ही मागत होता, ती मरायला बसली होती. आज मी भानावर आहे, पोटभर जेवते आहे, आणि एवढ्या माणसांसमोर सांगते, सही तुम्ही बरोबर केली. पुन्हा तशी येळ आली, त माह्या तोंडाकडे पाहत बसू नका. लगेच करा. हाव म्हनून राह्यली मी.

रुमाल उजव्या खिशात आहे, मीच ठेवला आहे.

एवढं ऐकून घेतल्याबद्दल अध्यक्ष महाराज, पाहुणे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलले, त्यासाठी स्वयंपाकवाल्या मंडळींची माफी मागते. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि बायांनो, उद्यापासून माझी बादली मला उचलू द्या. जय भीम.